बोट बंद करायची ती कशासाठी? दूधगंगेकाठच्या एका कयाकिंगवाल्या पोरीची केस

ही केस सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आपल्या सीमाभागातली पोरं आता कबड्डी, कुस्ती, खोखो सोडून वेगळ्याच खेळांच्या मागं लागायला लागलीत, मोबाईलवर बघतात नि डोक्यात बसतं, आणि घरच्यांना त्या खेळाचं नावपण माहीत नसतं त्यामुळं हो म्हणावं की नाही तेच कळत नाही. मी चिकोडी भागातल्या एका मराठी हायस्कूलात पी.टी. शिकवतो. ज्या मुलीबद्दल लिहितोय ती कयाकिंग करते, म्हणजे लांब अरुंद बोटीत बसून दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं बोट पळवायचा खेळ. तिचं नाव-गाव देत नाही, तिला आणि घरच्यांना विचारूनच लिहितोय. माझं म्हणणं आधीच सांगतो: बोट बंद करायची वेळ आली तर ती सुरक्षेसाठी बंद करा, मार्क कमी पडले किंवा उलट बोलली म्हणून शिक्षा म्हणून बंद करू नका. पोराला एकदा कळलं की काहीही झालं तरी बोटच जाणार, की ते सगळंच लपवायला लागतं, आणि पाण्याच्या खेळात लपवालपवी लई महागात पडते.

मुलगी नववीत होती, चौदा पूर्ण. वडिलांचा तीन एकर ऊस, आई घरात विड्या वळते, एक लहान भाऊ. मामाचं गाव सांगलीकडं कृष्णेच्या काठावर, तिकडं पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात त्या तिनं लहानपणापासून बघितलेल्या. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आजोबांनी पोहायला शिकवलं, त्यामुळं पाण्याची भीती अशी नव्हतीच. शाळेत खेळात ती मधल्या फळीतली, धावण्यात चौथी-पाचवी, कबड्डीच्या टीममध्ये राखीव.

मग दांडेलीला नातेवाइकांबरोबर सहल झाली, काळी नदीत प्लॅस्टिकच्या रुंद कयाकमध्ये बसायला मिळालं, आणि तिथनं आल्यावर ही पोरगी मोबाईलवर रेसचे व्हिडिओ बघायला लागली. न्यूझीलंडची कयाकपटू लिसा कॅरिंग्टन तिला पाठ. कॅरिंग्टननं ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णपदकं घेतलीत, २०१२ पासून २०२४ पर्यंत चार ऑलिंपिक मिळून. वर्गात भूगोलाच्या वहीच्या मागं तिची टायमिंगं लिहिलेली मी बघितली तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष गेलं.

आमच्या नशिबानं जवळच्या गावात एक रिटायर सुभेदार राहतात. फौजेत असताना कयाकिंग केलेलं, आणि येताना ओळखीनं दोन जुन्या बोटी आणलेल्या, एक जरा रुंद ट्रेनिंगची आणि एक फायबरची रेसिंगची, के-वन. गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या होत्या. पोरीनं त्यांच्याकडं कुणाला तरी घेऊन न जाता एकटीनं जाऊन विचारलं, "काका, मला शिकवशिला काय?" तर त्यांनी पहिल्यांदा तिला नदीत कपड्यांसकट दोनशे मीटर पोहून दाखव म्हणून सांगितलं आणि मगच बोट खाली काढली. हे मला फार आवडलं. जो माणूस आधी पोहणं तपासतो त्याच्याकडं पोर द्यायला हरकत नाही.

आता रेसिंगची बोट काय असते ते जरा सांगतो कारण ते कळल्याशिवाय या पोरीची ओढ कळणार नाही. के-वन म्हणजे एका माणसाची कयाक, नियमानं जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब आणि कमीत कमी १२ किलो वजन. रुंदी कशीबशी चाळीस सेंटीमीटरच्या आसपास. खाली गोलसर, त्यामुळं ती उभी राहतच नाही, तुम्ही वल्हं मारत असताना ती सरळ असते नि हात थांबला की कलंडते. सहलीच्या कयाकमध्ये बसलेला माणूस यात बसला की तिसऱ्या सेकंदाला पाण्यात. सुभेदारांनी तिला पहिले काही आठवडे रुंद बोटीतच ठेवलं, नंतर के-वनची सीट काढून तळालाच बसवलं म्हणजे वजन खाली राहतं, आणि कमरेएवढ्या पाण्यात स्वतः शेपटाला हात धरून उभे राहिले.

ती पडायची, नाकात पाणी जायचं, बोटीत पाणी भरायचं, मग ती काठाला ओढायची, उपडी करून रिकामी करायची, परत बसायचं. एका संध्याकाळी मी काठावर होतो. पडली, उठली, बोट ओढली, उपडी केली, परत बसली, तोंडातनं चकार शब्द नाही. अंधार पडायला लागला तेव्हा सुभेदारांनी बास म्हटलं, तर म्हणाली, "अजून एकडाव." कबड्डीच्या प्रॅक्टिसला घड्याळ बघणारी हीच पोरगी.

मला वाटतं तिला ते इतकं का धरलं याचं उत्तर तिच्या वहीत होतं. बोट लगेच दाखवून देते की तुमचं काय चुकलं. तिनं लिहिलेलं, "डावा हात जास्त ओढतोय, बोट उजवीकडं जाते." दुसऱ्या दिवशी, "पाय दाबला तर कंबर फिरते, हात कमी दुखतात." म्हणजे बघा, कयाक हातानं चालते असं बघणाऱ्याला वाटतं, पण खरं काम पायाचं आणि कमरेचं. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात पूर्ण बुडवायचं, त्याच बाजूचा पाय फूटरेस्टवर दाबायचा, धड फिरवायचं आणि पातं कमरेपाशी आलं की बाहेर काढायचं. सुकाणू पण पायानंच, दोन पावलांच्या मधी एक छोटी दांडी असते ती हलवली की मागचं रडर वळतं. हे सगळं एकत्र जमायला महिने लागतात. जमलं की मग बोट जी पळते ना, ती एकदा अनुभवल्यावर पोर काय घरात बसतंय.

इथपर्यंत सगळं चांगलं. गडबड झाली नववीच्या सहामाहीनंतर. गणितात आणि कन्नडमध्ये मार्क घसरले, वर्गात डुलक्या सुरू, आणि गावात कुणीतरी वडिलांना बोललं की पोरगी चड्डी घालून नदीत फिरते. वडील तापले आणि बोट बंद म्हणाले. दहावी होईपर्यंत बंद, नंतर बघू.

पोरगी रडली नाही, भांडली नाही. मला तिथंच शंका यायला हवी असं कुणी म्हणेल, पण शाळेत ती अगदी व्यवस्थित होती, उलट जास्तच शहाण्यासारखी वागत होती. आणि घरातले उठायच्या आधी, पहाटेच्या धुक्यात, ती सुभेदारांच्या गोठ्यातनं बोट काढून एकटी नदीत जायची. सुभेदार तेव्हा मुलाकडं पुण्याला गेलेले. लाइफ जॅकेट नाही, काठावर माणूस नाही. मासे धरणाऱ्या एका माणसानं तिला बंधाऱ्याच्या बाजूला बघितलं आणि थेट घरी येऊन सांगितलं. आईनं तर हंबरडाच फोडला.

ज्यांना आमची नदी माहीत नाही त्यांना यातला धोका कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडं नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, पावसाळा संपला की त्यात लोखंडी बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात, त्यामुळं हिवाळा-उन्हाळ्यात मागं लांबच लांब शांत पाणी मिळतं, कयाकला तर असंच पाणी पाहिजे. पण बंधाऱ्यावरनं पाणी सांडत असलं की खाली ते जागेवर घुमतं, त्यात सापडलेला माणूस पट्टीचा पोहणारा असला तरी सुटत नाही. वाळू उपसलेले खड्डे कुठं आहेत ते वरनं दिसत नाही. काठाला शेतीच्या मोटारी, पाण्यात सोडलेले पाइप, वर-खाली लोंबणाऱ्या केबली, एखादी सोललेली असली तर संपलं. आणि मगरी. कृष्णेत आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, २०१९ च्या पुरात रायबाग तालुक्यात एक मगर घराच्या कौलावर येऊन बसलेली सगळ्या देशानं व्हिडिओत बघितली. कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांत ती येणारच नाही असं कोण छातीठोक सांगणार. अशा पाण्यात चौदा वर्षांची पोरगी, पहाटे, एकटी.

मग बैठक झाली, त्यांच्या घराच्या सोप्यात. वडील, आई, आजोबा, सुभेदार, आमच्या शाळेच्या मराठीच्या मॅडम आणि मी. पोरगी उंबऱ्यात बसलेली. वडील म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा आता, पोरगी हाय, नदीत मगर हाय, उद्या काय इपरीत झालं तर मी काय करू? आणि ह्यात फुडं हाय तरी काय?"

दोन्ही प्रश्न खरे होते आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळी होती. मी आधी दुसऱ्याचं दिलं. हा खेळ १९३६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. आपल्या देशाला एशियन गेम्समध्ये १९९४ ला हिरोशिमात कनूमध्ये (कयाकची बहीणच, पण वल्ह्याला एकच पातं) कांस्य मिळालं, मग जवळपास तीस वर्षांनी हांगझोऊला २०२३ मध्ये अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दोघांच्या कनूत १००० मीटरला परत कांस्य मिळवलं. प्राची यादव नावाची ग्वाल्हेरची मुलगी भोपाळच्या छोट्या तलावावर सराव करून पॅरालिंपिकपर्यंत गेली. म्हणजे वाट आहे, अवघड आहे, पण रिकाम्या पोरांचा नाद म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, फौज, पोलीस हे पण सांगितलं पण त्याची खात्री कुणी देऊ शकत नाही हेही सांगितलं, कारण खोटी आशा दाखवून पोरीला खेळवायचं मला पटत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुभेदारांनी दिलं. ते म्हणाले, "बंद केल्यावर ती एकटी गेली. चालू असताना एकडाव तरी एकटी गेली होती काय?" सगळे गप्प झाले. आजोबा म्हणाले, "खरं हाय की हे."

मग ठरलं ते असं. बोटीच्या गोठ्याला कुलूप, किल्ली सुभेदारांकडं. काठावर पोहता येणारा मोठा माणूस असल्याशिवाय बोट पाण्यात नाही, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नाही, बंधाऱ्यापासून लांब, सूर्य वर आल्यावरच, धुकं असलं तर नाही. मगर दिसल्याची बातमी आली की त्या पट्ट्यात पाण्यात जायचं नाही, कुणीही कितीही म्हटलं तरी. यातलं काहीही मोडलं तर बोट एक महिना बंद, आणि ही बंदी सुरक्षेची, यावर चर्चा नाही. पण मार्क कमी पडले तर बोट बंद होणार नाही, ट्यूशन लागेल आणि टीव्ही-मोबाईल कमी होईल. वडिलांना हे पचायला जड गेलं. त्यांना वाटायचं की बोट हाच एक लगाम आहे तो सोडला तर हातात काय राहणार. मी म्हटलं, लगाम धरल्यावर काय झालं ते आपण बघितलंय की.

कपड्यांचा विषय मॅडमनी आणि आईनं दोघींनी बसून मिटवला, लांब टाइट्स आणि वर फुल बाह्यांचा टी-शर्ट, पोरीला पण उन्हापासून बरंच पडलं. पाळीच्या दिवसांचं पण त्याच बोलल्या, आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं तर कमी निघालं. डुलक्यांचं निम्मं कारण तिथं होतं! शाळेत दूध आणि अंडं मिळतं ते ही पोरगी मैत्रिणींना वाटून टाकायची. गोळ्या सुरू झाल्या, घरात नाचणी, शेंगदाणे-गूळ वाढला, दोन-तीन महिन्यांत वर्गातली झोप गेली. खेळणाऱ्या पोरीचं मार्कशीट बघायच्या आधी रक्त तपासा असं मी आता प्रत्येक आईबापाला सांगतो.

ठरलेलं सगळं सुरळीत चाललं असं नाही. उन्हाळ्यात तिचा उजवा खांदा दुखायला लागला. आणि इथं मला वाटतं आमचं ठरवणं कामी आलं, कारण तिनं ते चौथ्या दिवशीच येऊन सांगितलं. बोट जाईल ही भीती असती तर गोळी खाऊन मारत राहिली असती. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. सुभेदारांनी व्हिडिओ काढून बघितला तर कारण सापडलं, वेग वाढवायच्या नादात ती कंबर न फिरवता नुसत्या हातानं ओढत होती, आणि पॅडल तिच्या उंचीला लांब होतं. रेसिंगचं पॅडल आतून खोलगट असतं, विंग म्हणतात, ते पाणी घट्ट धरतं त्यामुळं चुकीचं ओढलं की सगळा झटका खांद्यावर येतो. पॅडल छोटं केलं, त्या तीन आठवड्यांत तिला स्टुलावर बसवून हातात काठी देऊन आरशासमोर नुसतं धड फिरवायला लावलं.

पावसाळ्यात बरगे काढतात, नदी तांबडी होऊन फुगते, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना नदीवर जाऊ नको म्हणून सांगावं लागत नाही. जून ते सप्टेंबर बोट आढ्याला. त्या काळात धावणं, पुलअप, आणि खिडकीच्या गजाला सायकलचं ट्यूब बांधून जमिनीवर बसून पॅडलची हालचाल. दहावीचं वर्ष म्हणून आम्ही याचा फायदा घेतला, पावसाळ्यात अभ्यास पुढं काढायचा, नोव्हेंबर ते जानेवारी पाण्यावर, आणि फेब्रुवारीपासून एसएसएलसी, म्हणजे आमच्या कर्नाटकातली दहावीची परीक्षा, संपेपर्यंत आठवड्यातनं दोनच दिवस. नदीचं वर्ष आणि परीक्षेचं वर्ष शेजारी शेजारी लिहून भिंतीला लावलं. तिनं स्वतः लावलं. एसएसएलसीत फर्स्ट क्लास आला, कन्नडमध्ये सुद्धा.

एक विषय सीमाभागाचाच. स्पर्धा कुठल्या राज्याकडून खेळायची? कोल्हापूर-सांगली जवळ, भाषा आपली, ओळखी तिकडं, उलट इकडं फॉर्म कन्नडमध्ये आणि चाचणीला रात्रभर प्रवास. नात्यातल्या एकानं सुचवलं की आत्याच्या पत्त्यावर आधार बदलून घ्या, महाराष्ट्राकडून खेळेल. मी स्पष्ट नको म्हटलं. जन्मदाखला इथला, शाळा इथली, आधार तेवढं तिकडचं, उद्या वयाची किंवा रहिवासाची तपासणी झाली की पोरीचं नाव खराब होणार. महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात शिक्षणात काही सवलती आहेत, त्या जरूर घ्या, पण खोट्या पत्त्यावर टीममध्ये जाणं ही वेगळी गोष्ट. आमच्या माणसांच्या मनात याविषयी काय असतं ते मला माहीत आहे, मी इथलाच आहे. तरीपण पोरगी जिथं राहते तिथनंच खेळावी हे माझं मत पक्कं आहे. फॉर्म आमच्या कन्नडच्या सरांनी बसून भरून दिला.

नदीवर ५०० मीटर आम्ही मोबाईलच्या मॅपवर मोजलेलं, एका मोटारीच्या पाइपापासून पलीकडच्या करंजाच्या झाडापर्यंत. सुरुवातीला तिला ३ मिनिटं २५ सेकंद लागायचे. राज्याच्या निवड चाचणीत के-वन ५०० मीटरला २ मिनिटं ४८ सेकंद आले. सातजणींत पाचवी. पहिल्यांदा नऊ-नऊ मीटरच्या लेनमधनं मारत होती, बाजूला बोटी, लेन आखणाऱ्या तरंगत्या बोयांच्या रांगा, सुटण्याआधी बोट सरळ धरून ठेवायची सवय नाही, सुरुवातीलाच एक बोटीची लांबी मागं पडली आणि ती शेवटपर्यंत भरून निघाली नाही. कॅरिंग्टननं पॅरिसला हेच अंतर १ मिनिट ४७ सेकंदांच्या आसपास मारलेलं. म्हणजे एक मिनिटाचा फरक, आणि तो फरक तिनं परतीच्या बसमध्ये वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. मला वाटलेलं नाराज होईल. ती सुभेदारांना विचारत होती की सुटतानाचे पहिले पाच स्ट्रोक वेगळे मारायचे असतात काय.

वडील त्या चाचणीला बरोबर आले होते. एवढ्या पोरी, त्यांचे आईबाप, कोच, हे सगळं बघून त्यांच्यात बराच फरक पडला. त्यांनी परत आल्यावर सुभेदारांच्या गोठ्यात दोन लाकडी स्टँड करून त्याला जुन्या रजईचं कापड गुंडाळलं, आढ्याला टांगून बोट वाकायला नको म्हणून.

आत्ताची स्थिती सांगतो. पोरगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे, कॉमर्स. खांदा ठीक आहे. सुभेदारांची बोट जुनी झाली, शेपटाला दोनदा फायबरचं ठिगळ मारलंय. नवीन कार्बनची म्हणजे लाखाच्या पुढची गोष्ट, ती उसाच्या बिलातनं होत नाही, त्यासाठी गावातल्या मंडळींशी बोलणं चालू आहे. शेजारच्या गावातली एक पोरगी आता तिच्याबरोबर यायला लागली, दोघींची के-टू, म्हणजे दोघांची कयाक, जमते का ते बघायचंय. मोठा प्रश्न पुढचाच आहे. ती म्हणते आताच भोपाळ किंवा अलप्पुळासारख्या ठिकाणी राहून शिकायला जाते, तिथं बोटी आहेत, कोच आहेत, वर्षभर पाणी आहे. वडील म्हणतात पीयूसी झाल्याशिवाय नाही. आई म्हणते एकटी एवढ्या लांब नको. माझं मत पोरीच्या बाजूचं आहे, कारण या खेळात सोळा-सतराव्या वर्षी हातातनं गेलेली दोन वर्षं नंतर मिळत नाहीत, पण त्याआधी तिथली हॉस्टेल, अभ्यासाची सोय आणि निवडीची पद्धत वडिलांनी स्वतः जाऊन बघावी असं मी सांगितलंय. अजून घरात एकमत नाही. दिवाळी झाली, बरगे पडले की परत त्याच सोप्यात सगळे बसणार आहोत, आणि यावेळी पोरगी उंबऱ्यात नाही, आमच्याबरोबर सतरंजीवर बसून आपलं म्हणणं मांडणार आहे, हे तेवढं वडिलांनीच सांगितलंय.